अजेंडा गरम, तारीख गार : आमच्या नगरपालिकेच्या सभेबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष साहेब, मा. मुख्याधिकारी साहेब आणि आमचे सगळे नगरसेवक-नगरसेविका यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुमच्या नावाचं आहे पण टाकतेय सगळ्यांसमोर, कारण आवक-जावकला मी दोन अर्ज दिले, दोन्हीवर शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे आणि उत्तर एकाचंही नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. कुणाची बदनामी करायची नाहीये मला, आणि आपल्याकडचे वाचणारे दोन ओळीत ओळखतीलच.

मी कोण ते आधी सांगते. नगरपालिकेच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. सासऱ्यांनी टायपिंगचं काढलं होतं, मी त्याचं झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म असं केलं. नगरपालिकेचं मशीन महिन्यातून पंधरा दिवस बंद असतं त्यामुळे तुमचे बरेच कागद माझ्याच काचेवरून जातात. आता गिऱ्हाईकाचा कागद वाचायचा नाही आणि वाचला तर बाहेर बोलायचं नाही हा आमच्या धंद्यातला नियम, तो मी वीस वर्षं पाळलाय. पण सभेचा अजेंडा हा काही गुपित कागद नाही ना, तो उलट बोर्डावर लावायचा कागद आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलायला मला काही चुकीचं वाटत नाही.

तर झालं असं. मागच्या सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, मी शटर अर्धं खाली घेतलेलं, तेवढ्यात ऑफिसमधला मुलगा धावत आला, मोबाईलवर पीडीएफ होती, म्हणाला ताई पटकन तीस सेट काढा, साहेब थांबलेत. मी काढले. स्टेपल मारताना वर नजर गेली, जावक क्रमांक आणि खाली तारीख, ती नऊ दिवसांपूर्वीची. कागद हातात गरम आणि तारीख नऊ दिवस गार. मी त्याला म्हटलं अरे हे काय, तर तो हसला आणि म्हणाला ताई तुम्ही किती ते सांगा. त्या पोराची यात काही चूक नाही, त्याला कृपा करून काही बोलू नका, तो आता दुकानात आला की खाली बघतो.

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ चा आहे, त्यात कलम ८१ सभेबद्दल आहे. मी वकील नाही पण ते कलम मीच कितीतरी जणांना झेरॉक्स काढून दिलंय म्हणून शेवटी एकदा स्वतःसाठी काढलं आणि बसून वाचलं. सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हायला पाहिजे. तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, विशेष सभा असेल तर तीन दिवस आधी, आणि त्या नोटिशीत सभा कुठं, किती वाजता, कोणकोणते विषय घेणार हे सगळं पाहिजे. नगरसेवकांना तर द्यायचीच पण नगरपालिकेच्या ऑफिसात लावायची पण. हे सात दिवस कशासाठी असतात? नगरसेवकाने टिपणी, म्हणजे विषयाबद्दल ऑफिसने लिहिलेली माहिती, वाचावी, वॉर्डात चार लोकांना विचारावं, इंजिनिअरला दोन प्रश्न विचारावेत यासाठी. आदल्या रात्री आठला घरपोच झालेला अजेंडा तो काय वाचणार, आणि वाचला तरी कुणाला विचारणार?

आता माझं दुखणं कुठं आहे ते.

आपला शनिवारचा बाजार. किती वर्षांचा ते कुणालाच नीट माहीत नाही, माझ्या आजेसासूबाई पण म्हणायच्या की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो इथंच भरायचा. वेशीपासून नगरपालिकेच्या गेटपर्यंत आणि तिथून एसटी स्टँडकडे. खेड्यापाड्यातनं बाया पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात, भाजी विकतात आणि त्याच फेरीत आधारचं काम, बँकेचं काम, सातबाऱ्याच्या झेरॉक्स, पोरांचे फॉर्म असं सगळं उरकतात. आठवड्यातला माझा निम्मा धंदा एकट्या शनिवारी होतो, हे मी लपवत नाही, स्वार्थ आहे माझा यात. पण स्वार्थ फक्त माझा नाही, त्या रस्त्यावर साठ-सत्तर दुकानं आहेत.

मागच्या सभेत हा बाजार बायपासच्या मोकळ्या जागेत हलवायचा ठराव झाला. स्टँडपासून अडीच किलोमीटर. बरं, हलवायचा की नाही यावर वाद होऊ शकतो हे मला मान्य आहे, शनिवारी ॲम्ब्युलन्स अडकते हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा तर आम्हीच लोकांनी हातगाड्या उचलून वाट करून दिली. त्यामुळे बाजार हलवूच नका असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं हे आहे की त्या तीस सेटमध्ये हा विषय नव्हता. मी स्वतः स्टेपल केलेत ते. एक ते एकतीस विषय, आणि बत्तिसाव्या नंबरला ती ओळ, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". त्या एका ओळीतून आमचा बाजार गेला.

मी त्या सभेला होते. का गेले तर एकतीस विषयात आमच्या गल्लीच्या गटाराचा विषय होता अठरा नंबरला, म्हटलं बघू तरी काय होतं. दाराशी शिपाई म्हणाला ताई पास आहे का. कसला पास? सभा लोकांना खुली असते, बंद दाराआड घ्यायची तर तसं सभागृहाने ठरवावं लागतं. शेवटी एका नगरसेविका ताईंनी सांगितलं बसू द्या म्हणून, तेव्हा दाराजवळची एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली, एक पाय वाकडा असलेली. त्या खुर्चीवरून मी जे बघितलं ते लिहिते.

मोबाईलमध्ये वेळ लावली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी सभा सुरू झाली. क्लार्क नुसता नंबर वाचायचा, विषय नाही, टिपणी तर लांबच. "विषय क्रमांक सात." समोरून "मंजूर!" "आठ." "मंजूर!" आमचं गटार आलं कधी आणि गेलं कधी ते मला कळलंच नाही, मी अठराची वाट बघत होते आणि ते एकवीसवर होते. बाराव्या विषयाला पोहे आले. पोह्यांवर मात्र चर्चा झाली, खोबरं नाही म्हणून. बत्तीस मिनिटात एकतीस विषय आणि वर ऐनवेळचे पाच. त्या पाचातला तिसरा आमचा बाजार.

त्याच वेळी आमच्या प्रभागाच्या नगरसेविका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हा विषय अजेंड्यावर नाही, माझा विरोध लिहून घ्या. माईक त्यांच्यापर्यंत आलाच नाही पण मी दहा फुटांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं. कुणी तरी म्हणालं ताई बसा, पुढच्या वेळी बघू. मत घेतलं नाही, हात वर नाहीत, मोजणी नाही. हजेरीवर सही करून खाली चहाला गेलेले चार-पाच जण तर तोपर्यंत वर आलेच नव्हते, त्यामुळे सभागृहात नेमके किती होते आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होता की नव्हता हे पण कुणी बघितलं नाही.

यानंतरची गंमत ऐका. सोमवारी मी ठरावाची नक्कल मागायला गेले. उत्तर मिळालं, इतिवृत्त (म्हणजे सभेची लेखी नोंद) अजून कायम झालं नाही, पुढच्या सभेत कायम होईल, मग मिळेल. ठीक आहे म्हटलं. पण त्याच आठवड्यात बायपासच्या जागेवर जेसीबी आला आणि मुरूम पडायला लागला. म्हणजे काम सुरू करायला ठराव कच्चा चालतो आणि मला नक्कल द्यायला तो पक्का लागतो! पुढची सभा दोन महिन्यांनी, ती पण झाली तर, कारण निवडून येऊन सहा महिने होत आले आणि सर्वसाधारण सभा झाल्यात दोन. तोपर्यंत बाजार हलून, तिथं ओटे बांधून, वसुलीचा ठेका पण देऊन झालेला असेल, मग मी त्या नकलेचं काय लोणचं घालू?

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज वेगळा टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीस दिवस संपायला एक दिवस राहिला तेव्हा पत्र आलं, इतिवृत्त अंतिम नसल्याने माहिती उपलब्ध नाही. मग एका नगरसेवकांकडे (नाव सांगत नाही) कच्च्या प्रोसिडिंगचा फोटो होता तो बघायला मिळाला. त्यात लिहिलंय "सदर विषयावर सखोल चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर". सखोल! मी घड्याळ लावलं होतं साहेब, सगळं मिळून चाळीस सेकंद नव्हते. सूचक आणि अनुमोदकाची जागा मोकळी होती, ती नंतर भरायची असणार. आणि ज्या ताईंनी उभं राहून विरोध लिहा म्हटलं त्यांचं नाव कुठंच नाही, त्या पण त्या "सर्वानुमते" मध्येच जमा.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचा विषय आला, फुल्यांनी विरोध केला, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणाले. ठराव मंजूरच झाला, एकटे फुले विरोधात राहिले. हरले ते त्या दिवशी. पण तो एक माणूस विरोधात होता हे राहिलं म्हणून आज आपण जयंतीच्या भाषणात ते सांगतो, यंदा ११ एप्रिलला चौकात आपल्याच एका नगरसेवकांनी सांगितलं आणि मी पण टाळ्या वाजवल्या. सभेच्या आधी पुतळ्याला हार घालता आणि सभेत विरोध लिहून घेत नाही, हे मला पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळीकडे असंच चालतं, ताईंनाच काय नवीन. नवीन हे आहे की आम्ही चार वर्षं थांबलो होतो. चार वर्षं प्रशासक होते. तेव्हा सीओ साहेबच (म्हणजे मुख्याधिकारी) टिपणी ठेवायचे आणि तेच प्रशासक म्हणून मंजूर करायचे, एकाच कागदावर दोन सह्या आणि दोन्ही एकाच पेनाच्या, मी काढलेत ना ते झेरॉक्स. तेव्हा आम्ही म्हणायचो, थांबा, लोकनियुक्त बॉडी येऊ दे. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं निवडणुका घ्या, तरी डिसेंबर उजाडला. २ डिसेंबरला आम्ही उन्हात रांगेत उभं राहिलो, मग मोजणी लांबली ती २१ ला झाली. नगराध्यक्ष साहेब, तुम्ही तर थेट जनतेतून आलात. तुमच्या मिरवणुकीतला गुलाल माझ्या दुकानाच्या बोर्डावर अजून थोडा आहे, पुसला नाही मी. एवढं करून जर सभा प्रशासकांच्या काळासारखीच होणार असेल, फक्त एका सहीच्या जागी तीस माणसं "मंजूर" म्हणणार असतील, तर मग आमचं चार वर्षं थांबणं कशासाठी होतं?

अजून दोन-तीन गोष्टी आहेत त्या पटकन सांगते.

निम्म्या जागा बायकांच्या आहेत, चांगलंच आहे, मी स्वतः दोघींचा प्रचार केलाय. पण सभेत पाच जणींच्या मागे त्यांचे यजमान खुर्ची लावून बसले होते, आणि दोन वेळा तर प्रश्न ताईंना विचारला आणि उत्तर भाऊजींनी दिलं. मला दारात पास विचारला, त्यांना कुणी विचारला? नगरसेविका घरात नवऱ्याचा सल्ला घेऊ देत नाहीतर नको घेऊ देत, तो त्यांचा प्रश्न. सभागृहात निवडून आलेल्यांनी बसावं आणि बाकीच्यांनी लोकांच्या खुर्च्यांवर बसावं, माझ्या शेजारी, वाकड्या पायाच्या.

स्वीकृत सदस्यांना, म्हणजे निवडून न येता नेमलेल्यांना, मताचा अधिकार नसतो. ते "मंजूर" सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. आवाजावरच मंजुरी मोजणार असाल तर निदान कुणाचा आवाज धरायचा हे तरी ठरवा.

मी मोबाईल वर धरला तर एक जण अंगावर आले, शूटिंग बंद करा म्हणून. शूटिंग करत नव्हते, वेळ बघत होते. पण समजा करत असते तरी काय बिघडलं असतं? विधानसभा लाईव्ह दिसते, तिथं काय काय बोलतात ते घरबसल्या सगळा महाराष्ट्र बघतो, आणि आपल्या गटाराचा विषय मात्र कुणी बघायचा नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर सरळ आहे की तुमच्या मंडळांच्या, समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त लोकांना बघायला मिळतं का, हे ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचं. हा कायदा २००५ चा. आपल्या वेबसाईटवर त्या जागी "माहिती लवकरच" असं आहे आणि शेजारी फिरणारं चक्र.

माझं माहेर इथून बावीस किलोमीटर, छोटं गाव आहे. तिथं ग्रामसभा असते. माझा भाऊ सहावी शिकलेला आहे पण तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून सरपंचाला विचारतो की पाण्याच्या टाकीचं बिल दाखवा, आणि दाखवावं लागतं. शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल तेवढे जमले की कोरम, आणि प्रत्येक मतदाराला बोलता येतं. तिथं पण सगळं आलबेल नाही हं, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून मुद्दाम पहिली सभा पाडतात, ते आम्हाला माहीत आहे. पण बोलायला जागा तरी आहे. मी इथं लग्न होऊन आले, घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते, दुकानाच्या गाळ्याचं भाडं नगरपालिकेलाच भरते, आणि मला आयुष्यात एकदाही सभागृहात एक वाक्य बोलता येत नाही. मोठ्या शहरात, तीन लाखाच्या वर लोकसंख्या असली तर निदान वॉर्ड कमिटी असते, आपलं गाव तेवढं मोठं नाही. म्हणजे खेडं असतं तर बोलता आलं असतं, शहर असतं तर वॉर्ड कमिटी असती, आपण मधल्यामधे.

यावर मला काय पाहिजे ते सरळ लिहिते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नुसती तक्रार करते.

बाजाराचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत रीतसर अजेंड्यावर घ्या, टिपणीसकट, आणि तोपर्यंत बायपासचं काम थांबवा. चर्चा करा, मत घ्या, हलवायचा ठरला तर हलवा. तसा ठरला तर मी एक शब्द बोलणार नाही आणि पहिल्या शनिवारी पिशवी घेऊन बायपासला येईन. काम थांबलं नाही तर मात्र नगरपरिषदा कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ठराव थांबवायची मागणी करावी लागेल, अर्ज लिहून तयार आहे, ही धमकी नाही, फक्त सांगून ठेवते.

ऐनवेळचे विषय अडीनडीसाठी ठेवा. पाईपलाईन फुटली, साथ आली, पूर आला, समजू शकतो. जागा, बाजार, भाडं, ठेका, टेंडर यातलं काहीही ऐनवेळी घ्यायचं नाही असा एक ठराव तुम्हीच करा. आणि घेतलाच तर अशी काय घाई होती ते एका ओळीत लिहा.

अजेंडा सात दिवस आधी गेटवरच्या बोर्डावर लावा, त्याच दिवशी वेबसाईटवर टाका, टिपण्यांसकट. बोर्डाची काच फुटलीय आणि त्यात अजून मतदार यादीचा कागद आहे, तो काढा आधी. छपाईचा खर्च परवडत नसेल तर बोर्डावर लावायची एक प्रत मी फुकट काढून देईन, लेखी लिहून देते, फक्त सात दिवस आधी आणा.

विषय नंबराने नाही, नावाने वाचा. कुणी विरोध नोंदवा म्हटलं तर तिथल्या तिथे नाव लिहा. सूचक-अनुमोदक सभेतच लिहा. कच्चं इतिवृत्त पंधरा दिवसात लोकांना बघायला ठेवा, वर "कायम व्हायचे आहे" असा शिक्का मारून ठेवा पाहिजे तर, पण ठेवा. ज्या कागदावर जेसीबी चालतो तो कागद मला वाचता आला पाहिजे.

लोकांना बसायला वीस खुर्च्या, पास वगैरे नको, नाव लिहून आत सोडा. गोंधळ घातला तर बाहेर काढा, बरोबरच आहे. सभेचं रेकॉर्डिंग नगरपालिकेनेच करावं म्हणजे माझ्या मोबाईलची कुणाला भीती नको.

आणि शेवटचं, हे कायद्यात कुठं सक्तीचं नाही हे मला माहीत आहे, पण मनावर घेतलं तर अवघड पण नाही. सभेच्या आधी अर्धा तास नागरिकांसाठी ठेवा. आदल्या दिवशी नाव नोंदवायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं, भाषण नाही, फक्त त्या दिवशीच्या अजेंड्यावरचा प्रश्न. उत्तर तिथं नाही आलं तर लेखी द्या. पहिल्या सभेला गर्दी होईल, चौथ्या सभेपर्यंत सहा-सात माणसं उरतील, त्यात एक मी.

नगरसेवकांना वेगळं एक सांगते. तुमच्यातले अर्धे जण पहिल्यांदाच निवडून आलात, सभा कशी चालते ते जुन्यांना बघून शिकताय, आणि जुने तुम्हाला "मंजूर" म्हणायला शिकवतायत. कलम ८१ फार मोठं नाही. दुकानात या, एक एक प्रत काढून ठेवलीय प्रत्येकाच्या नावाने. नगरपालिका माहिती अधिकारात पानाला दोन रुपये घेते, माझा पण रेट दोनच आहे, पण तुमच्याकडून घेणार नाही, आणि माझ्याकडे कागद लगेच मिळतो.

मागच्या शनिवारी मेथी-शेपूवाल्या मावशी माझ्या ओट्यावर टेकल्या होत्या. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं बाजार हलणार म्हणून. मला विचारलं, बाई हे कोणी ठरवलं? मी म्हटलं सभेत ठरलं. त्या म्हणाल्या, मग सभेत कोणी विचारलं नाही का की म्हाताऱ्या बाईने टोपलं डोक्यावर घेऊन तेवढं लांब कसं जायचं? मी गप्प बसले, कारण विचारलं होतं एकीने, पण ते कुठंच लिहिलेलं नाही, मग "विचारलं" म्हणून मी सांगू कशाच्या जोरावर?

कायद्याचा हिशोब धरला तर पुढची सभा या महिन्याअखेर व्हायला पाहिजे. अजून माझ्याकडे झेरॉक्सला काही आलेलं नाही. या वेळी दुकान सकाळी आठलाच उघडतेय, पीडीएफ पाठवून द्या.

आपली,
गेटसमोरची झेरॉक्सवाली
(घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं चालू वर्षापर्यंत भरलेलं, पावत्या दुकानात)